मोजणीच्या टेबलावरचा कागद

ड्रमकिल,
शुक्रवार, ७ जून

मॅलकी,

सवयीनं 'प्रिय' लिहून बसले होते. तो कागद चुलीत घातला आणि हा नवा घेतला.

आत्ता दुपारी शाळेत जाऊन मत देऊन आले. एक नंबर मला स्वतःला, दोन नंबर त्या टिमलिनांच्या क्लोडाला, मग खाली उतरत उतरत पंधरापर्यंत आकडे टाकले. उमेदवार सोळा. एक चौकोन मुद्दाम रिकामा ठेवला. तो कुणाचा, हे तुला सांगायला नको.

तू कोपऱ्यावर उभा होतास, कायद्यानं आखलेल्या रेषेच्या बरोबर एक पाऊल बाहेर, आणि शेजारी तुझा प्रचारक पॅकी लॉफ्टस. मी गाडीतून उतरले तेव्हा तू टोपीला हात लावलास. लोकांनी बघावं म्हणून लावलास. ऑक्टोबरपासून आपण एक अक्षर बोललेलो नाही, आणि मला बोलायचंही नाही. पण लिहायला कुणाची बंदी आहे? उद्या पेट्या उघडतील, परवा तुझी खुर्ची जाईल. ती कुणी घालवली आणि कशासाठी, हे तुझ्याकडे लेखी असावं म्हणून हा खटाटोप.

माझी मुलगी डेर्व्हला आज ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये आहे. माझ्या दोन नाती फोनवर मला 'आयर्लंडवाली आजी' म्हणतात, म्हणजे जशी काही मी नकाशावरची खूण. तिला इथंच घर बांधायचं होतं, घरामागच्या तिकोनी शेतात. परवानगी नाकारली. का, तर म्हणे 'ड्रमकिल पर्यावरण रक्षण समिती'नं हरकत घेतली. सहा वर्षं मी ही समिती शोधत होते. ड्रमकिलमध्ये घरं एकूण चौतीस, समिती लपणार कुठं?

गेल्या ऑक्टोबरात कौन्सिलच्या कचेरीत बसून मी ते हरकतीचं पत्र पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, म्हणून दिसलं नव्हतं. तिसऱ्या ओळीत लिहिलंय, 'आजीचा एप्रन या नावानं ओळखलं जाणारं शेत.' ओळखलं जाणारं! कुणाकडून रे? ते नाव आपल्या आजीनं दिलेलं. त्या शेताला आपल्या घराबाहेर कुणी त्या नावानं हाक मारलेली नाही. आई वृद्धाश्रमात, बाबा मातीत, उरलो तू आणि मी. मी तर ते पत्र लिहिलं नव्हतं.

त्या गल्लीत एकच घर बसेल असं इंजिनियर म्हणाला होता. एकच बसलं. तुझ्या मुलाचं, कॉर्मकचं.

म्हणून मी उभी राहिले. निवडून यायला नाही. ती हौस बाबा गेले तेव्हाच फिटली, जेव्हा पक्षाच्या बैठकीत 'बाईमाणूस कशाला' म्हणाले आणि तू मान खाली घालून तिकीट घेतलंस. मी उभी राहिले ती तुझ्या घरच्या पेटीतली मतं ओढायला. मी बाद होणारच. बाद झाले की माझ्या कागदांवरचा दोन नंबर बघतील आणि ते मत त्याच्या खात्यावर चढवतील, आणि मी दारोदार सांगत फिरलेय की दोन नंबर क्लोडाला द्या. हिशेब तुला समजतो. समजत नसेल तर पॅकीला विचार.

— ॲटी


बॅलीकेरन, मोजणीचा हॉल,
शनिवार, ८ जून

मॅलकी,

बास्केटबॉलच्या जाळीखाली, कँटीनच्या टेबलावर बसून लिहितेय. चहा पाणचट आहे आणि हॅम सँडविच कालचं. तरी मला इतकी भूक गेल्या कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सकाळी नऊला पेट्या उघडल्या तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. बघणारच. बाबांच्या दोन आणि तुझ्या पाच निवडणुकांत त्या कठड्याला पोट टेकून मी तुझ्या बाजूनं उभी असायचे, हातात पेन्सिल आणि टॅलीचा कागद. कारकून मतपत्रिका उलगडायचा, मी डोळ्यांत तेल घालून बघायचे आणि रेघ मारायचे. अकरा वाजेपर्यंत मी तुला सांगायचे, 'मॅलकी, डोंगरवाडीनं तुला दगा दिला, पण बंदरावर तुझी चांदी आहे.' अधिकृत निकाल संध्याकाळी यायचा आणि माझ्या आकड्यापेक्षा चार-पाच मतांनी इकडेतिकडे. आज तुझ्या बाजूनं पॅकी उभा होता. त्याला चष्मा लागलाय आणि तो लावायला लाज वाटते. तुला त्यानं साडेअकराला 'अकराशे' सांगितलं ना? मी पलीकडून ऐकलं. हसू दाबताना माझी पेन्सिल मोडली.

आठशे एकसष्ट! मागच्या खेपेला चौदाशे होते. क्लोडाला नऊशे दोन. आणि मला, ना पक्ष ना पैसा असलेल्या म्हाताऱ्या बाईला, चारशे सतरा. ड्रमकिलच्या पेटीत मी तुझ्या पुढं होते. आपल्याच गावात, आपल्याच शाळेच्या पेटीत! बोर्डावर आकडे लागले तेव्हा तू दाराकडे वळलास आणि फोन कानाला लावलास. पलीकडं कुणी नव्हतं, मॅलकी. तू लहानपणापासून असाच खोटं ऐकत उभा राहतोस.

रेडिओ सकाळपासून ओरडतोय. देशभरात कोण चढलं, कोण पडलं, अपक्ष किती, साडेनऊशे जागांचा काय कौल. डब्लिनचा एक शहाणा म्हणाला, जनतेनं सरकारला निरोप दिलाय. इथल्या एकाही माणसानं कुणाला निरोप दिलेला नाही. इथं कुणाच्या दारासमोरचा खड्डा बुजला आणि कुणाचा नाही, एवढंच मोजतायत. आणि एका बाईच्या मुलीचं घर.

संशयित कागदांचा गठ्ठा बघायला निवडणूक अधिकारी देव्हॅनींनी सगळ्या उमेदवारांना टेबलाभोवती बोलावलं, तेव्हा आपण दोघं समोरासमोर होतो. नेहमीचीच करमणूक. एकानं गाढवाचं चित्र काढून त्यापुढं एक नंबर घातलाय. एकानं लिहिलंय, 'आधी पूल, मग मत.' एका कागदावर आणखी काही लिहिलं होतं. देव्हॅनी म्हणाले, नाव नाही, आकडे स्वच्छ आहेत, वैध. पुढं सरकले. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

उद्या माझा नंबर लागेल. मला बाद होताना बघायला पुढच्या रांगेत ये.

— ॲटी


ड्रमकिल,
रविवार, ९ जून, संध्याकाळ

मॅलकी,

हस. पोट धरून हस. तुला अधिकार आहे.

दुपारी तीनला मी बाद झाले. इतरांकडून आलेली तेरा धरून माझे चारशे तीस कागद टेबलावर आले आणि कारकुनांनी दोन नंबर बघून गठ्ठे लावायला घेतले. मी कठड्याला टेकून उभी होते, आणि मला गठ्ठ्यांची उंची दिसत होती. क्लोडाचा गठ्ठा बोटभर. तुझा वीतभर. मला आधी वाटलं, पाट्या उलट्या लागल्यात. खरंच वाटलं. मी देव्हॅनींना हाक मारणार होते.

क्लोडाला अठ्ठ्याहत्तर. तुला दोनशे तीन.

आणि तो पॅकी! सगळ्यांच्या देखत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, 'ॲटी, पंचवीस वर्षांत तुझ्यासारखी प्रचारप्रमुख आम्हाला मिळाली नाही बघ! पुढच्या वेळी पण उभी राहा, छातीवर लावायची पक्षाची रिबन मी आणतो.' लोक खो खो हसले. क्लोडासुद्धा हसली बिचारी, मग रडायला लागली.

गाडीकडे जाताना ब्रायडी मुलार्की भेटली. मी तिला धरलंच. म्हटलं, 'ब्रायडी, तुझ्या स्वयंपाकघरात बसून मी तुला दोन वेळा सांगितलं होतं, दोन नंबर क्लोडाला.' ती म्हणाली, 'अगं हो, आणि मी हो म्हटलं होतं. पण ती राहते कुठं, तीस किलोमीटरवर! आपल्या गावातून निदान एक तरी कौन्सिलवर नको का? एक तुला दिलं, दोन मॅलकीला दिलं, घरातल्या घरात. तुमच्यातलं कुणी दुखावलं जायला नको.' वर मलाच विचारते, 'बरोबर केलं ना गं?'

दोष माझाच. माझं सासरचं नाव मोरन. मोरन म्हणून उभी राहिले असते तर अक्षरक्रमानं मतपत्रिकेवर तुझ्यापासून चार घरं लांब गेले असते. पण मला गिलव्हरी हे नाव हवं होतं, बाबांचं, कारण त्या नावाला मत पडतं हे मला तुझ्यासाठी दारोदार फिरून ठाऊक होतं. मग काय, 'गिलव्हरी, अ‍ॅट्रॅक्टा', लगेच खाली 'गिलव्हरी, मॅलकी', आणि लोकांची पेन्सिल घसरली खाली. एक, दोन. उभं आयुष्य मतं मोजण्यात घालवलं आणि हे मला सुचलं नाही. रागानं माणूस आंधळं होतं तसं झालं माझं.

तुला तेराशे बेचाळीस. क्लोडाला तेराशे एक्केचाळीस. सहावी, शेवटची जागा, एका मतानं तुझी. तुला खांद्यावर घेतलं, खाली ठेवलं, कारण क्लोडाच्या वकिलानं फेरमोजणी मागितली. तुझ्या पँटचा पट्टा वर गेला होता आणि बनियन दिसत होतं. फोटो येईल पेपरात.

आज मी जेवलेले नाही. डेर्व्हलाचा फोन आला, तो उचलला नाही.

— अ‍ॅट्रॅक्टा


ड्रमकिल,
मंगळवार, ११ जून

मॅलकी,

काल जे झालं ते तू गावभर तुझ्या पद्धतीनं सांगशील. म्हणून मी क्रमानं लिहून ठेवते. एकही शब्द पदरचा नाही.

फेरमोजणीत आकडे हलले नाहीत. साडेबारापर्यंत पुन्हा तेच, एका मतानं तू. मग क्लोडाच्या वकिलानं संशयित कागद पुन्हा मागितले, आणि देव्हॅनींनी ते एक एक करून टेबलावर ठेवले. गाढव. पूल. मग तो.

एक नंबर मला. दोन नंबर तुला. तळाला शाईनं एक ओळ, आयरिशमध्ये, जुन्या लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर ठिपके देऊन. तशी लिपी शाळेतून जाऊन साठ वर्षं झाली.

'रविवारी दोघंही या. एकत्र.'

शनिवारीच मी ते अक्षर ओळखलं होतं. तूही ओळखलं होतंस, कारण तुझा हात टेबलावरून खाली गेला. वृद्धाश्रमात मत घ्यायला अधिकारी आणि पोलीस खोलीत येतात, कागद पाकिटात घालून नेतात आणि बाकीच्यांत मिसळतात. आईनं तिच्या कागदावर हे लिहिलं. मंगळवारी तू जातोस, गुरुवारी मी जाते, आणि ती दोघांनाही विचारते, 'तो कसा आहे?' 'ती कशी आहे?' आपण दोघंही म्हणतो, 'बरा आहे,' 'बरी आहे.' ऑक्टोबरपासून.

क्लोडाचा वकील म्हणाला, हा मजकूर मतदाराची ओळख देणारा असेल तर मत बाद होतं. पॅकी उसळला, 'कुठंय ओळख? नाव दाखवा! शंभर जणी असं लिहितील!' देव्हॅनी चष्मा पुसत म्हणाले, 'ही नुसती ओळ आहे. इथं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकतं का, हे कुणी लिहिलंय ते?'

आणि मी सांगितलं. हो, मीच. 'हे अक्षर उना गिलव्हरीचं आहे. माझ्या आईचं. अडतीस वर्षं ती ड्रमकिलच्या शाळेत शिकवत होती. या हॉलमध्ये पन्नाशीच्या पुढचा जो कुणी ड्रमकिलचा आहे, त्याच्या वहीवर या अक्षरातले शेरे आहेत. विचारा.'

देव्हॅनींनी तुझ्याकडे बघितलं. 'काउन्सिलर गिलव्हरी, हे तुमच्या आईचं अक्षर आहे?'

तू काय म्हणालास ते मी लिहिते, कारण तू ते कुणाला सांगणार नाहीस. तू म्हणालास, 'मला नाही सांगता येणार.'

मग ब्रायडीचा नवरा पुढं आला, मग पोस्टमन, मग तो टिमलिनांचा म्हातारा काकासुद्धा, जो आपल्या शाळेत होता. सगळे म्हणाले, हो, बाईंचंच. देव्हॅनींनी कागदावर 'बाद' लिहिलं. तू तेराशे एक्केचाळीस, क्लोडा तेराशे एक्केचाळीस. बरोबरी झाली तर पहिल्या फेरीत ज्याची मतं जास्त, तो राहतो. नऊशे दोन आणि आठशे एकसष्ट. पॅकीनंसुद्धा एवढी वजाबाकी चष्म्याशिवाय केली.

लोक म्हणतायत, स्वतःच्या आईचं मत बाद करवलं. हो, करवलं. शेवटचंच असेल ते तिचं, डॉक्टर शरदाच्या पुढचं बोलत नाहीत. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करवीन. तू माझ्या लेकीला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला धाडलंस आणि खाली सही केलीस समितीची. मी निदान स्वतःच्या नावानं, भर हॉलमध्ये, तोंडावर बोलले.

खुर्ची गेली, मॅलकी. बाबांचीही तीच होती. मला वाटलं होतं की हे लिहिताना बरं वाटेल. वाटतंय. अजून पुरतं नाही, पण वाटतंय.

— ॲटी


ड्रमकिल,
शुक्रवार, १४ जून

मॅलकी,

तुझी चिठ्ठी मिळाली. आठ महिन्यांत पहिली, आणि त्यात दोनच शब्द. 'आईला सांगू?'

सांग की! जा, मंगळवारची वाट बघू नकोस, आजच जा. तिच्या पलंगाशी बस आणि सांग की ॲटीनं तुझं अक्षर ओळखलं. ती लगेच विचारेल, 'आणि तू?' मास्तरीण आहे ती, एकाचं उत्तर ऐकलं की दुसऱ्याकडे वळते. मग काय सांगशील? नाही सांगता येणार?

तेव्हा तू गप्प बसशील आणि मीही गप्प बसेन, आणि हे एक आपलं दोघांचं एकमत.

काल गुरुवार होता. मी गेले नाही. सर्दीचं कारण कळवलं.

आणखी एक. मतदानानंतर सात दिवसांत फलक काढायचे असतात, नाही तर दंड होतो. आज सातवा दिवस. माझ्या फाटकासमोरच्या खांबावर तुझं तोंड अजून लटकतंय. मुद्दाम तिथं लावलं होतंस ना, रोज सकाळी पडदा सारला की मला दिसावं म्हणून? उन्हानं तुझा एक कान उडालाय. कौन्सिलला फोन करून तक्रार करायला मला फार आवडेल. पण अशी तक्रार आपल्या भागाच्या काउन्सिलरकडे जाते, आणि मॅलकी गिलव्हरी आता काउन्सिलर नाही, हे त्यांच्या यादीत आलंय का?

संध्याकाळपर्यंत काढ.

— अ‍ॅट्रॅक्टा


ड्रमकिल,
रविवार, १६ जून

मॅलकी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, स्वतः तुझ्या दारातून आत सरकवतेय. पॅकीला दाखवू नकोस.

आज रविवार म्हणून गेले. सर्दी बरी झाली असं ठरवलं. सोबत तिला आवडतो तो ब्राऊन ब्रेड नेला, अजून गरम होता. दारातच ती नर्स जिन्सी, केरळची, एरवी मला बघून हसणारी, हात आडवा करून उभी. म्हणाली, 'सॉरी, अ‍ॅट्रॅक्टा. आजींनी सांगितलंय, एकट्याला कुणाला आत सोडायचं नाही.'

म्हटलं, 'मुलगी आहे मी तिची!'

म्हणाली, 'मुलगा मंगळवारी आला होता. त्यालाही असंच परत पाठवलं.'

तू हे मला चिठ्ठीत लिहिलं नाहीस. 'आईला सांगू' म्हणे! तुला दारातून परत पाठवलं होतं आणि तू मला धमक्या देत होतास. काय माणूस आहेस रे तू! एका क्षणी मला हसू आलं, खरं सांगते.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतून आवाज आला, बारीक झालाय पण वर्गात येतो तसाच. 'कोण आहे, ॲटी? बरोबर मॅलकी आहे?'

'नाही, आई.'

'मग जा.'

'आई, ब्रेड आणलाय.'

'जिन्सीला दे. ती खाईल.'

मी तिथंच उभी राहिले. कॉरिडॉरमध्ये दोन म्हातारे व्हीलचेअरवरून माझ्याकडे बघत होते, जशी मी शाळेत वर्गाबाहेर काढलेली पोर. शेवटी मी दाराच्या फटीतूनच म्हटलं, 'आई, तुझं मत…'

'बाद झालं. ऐकलं मी. इथं दिवसभर रेडिओ लावतात. मोजणीचं सगळं सांगितलं त्या रेडिओवरच्या पोरानं, तू काय म्हणालीस आणि तो काय म्हणाला, शब्दाशब्दानं.'

मला वाटलं ती रडेल. मॅलकी, ती खोकली, आणि मग म्हणाली, 'तुमच्या बाबांबरोबर मी एकतीस वर्षं मोजणीला गेले. कागदावर एक अक्षर लिहिलं की काय होतं, हे तू मला सांगणार? मतच द्यायचं असतं तर आकडे टाकून गप्प बसले असते. ऑक्टोबरपासून तुम्ही दोघं एका टेबलाशी आलेला नाहीत. म्हटलं, संशयित कागदाभोवती तरी यालच. तिथं सगळ्या उमेदवारांना बोलावतात.'

मी ब्रेड जिन्सीच्या हातात दिला.

'आणि मला बघायचंही होतं,' ती म्हणाली, 'ते वाचून दोघांपैकी कोण काय करतं. बघितलं. खुर्चीसाठी एकानं मला ओळख दिली नाही, आणि सूड घ्यायला दुसरीनं माझ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही दोघंही त्यांचीच मुलं. जा आता. एकत्र याल तेव्हा या. फार उशीर करू नका, मी इथं कायमची नाही.'

आणि जिन्सीला म्हणाली, 'दार लाव, वारा येतोय.' जिन्सीनं दार लावलं. माझ्यासमोर, हळूच, पण लावलं.

गाडीत बसून मी पाऊण तास स्टिअरिंग धरून होते. इतके महिने मला वाटत होतं की सूड म्हणजे काय हे या घरात मलाच कळतं. एक्क्याण्णव वर्षांची बाई, पलंगावरून उठता येत नाही, आणि तिनं एका ओळीत आपल्या दोघांचा निकाल लावला. फेरमोजणी नाही.

आता नीट वाच. पुढच्या रविवारी, दुपारी तीन. मी वृद्धाश्रमाच्या फाटकाशी उभी असेन. माझ्याशी बोलायची गरज नाही, मला बोलायचं नाही. 'आजीचा एप्रन' मी विसरलेले नाही. डेर्व्हलाच्या पोरींचे आवाज फोनवरून यायचे थांबेपर्यंत विसरणार नाही, आणि तू हात जोडून आलास तरी विसरणार नाही. मी तुला माफ केलंय असं तुला एक मिनिटही वाटू नये. तू मला माफ करावंस असंही मी म्हणत नाही, तुझी खुर्ची मीच घालवली आणि मला त्याचं दुःख नाही.

पण फाटकापासून तिच्या दारापर्यंत एकोणचाळीस पावलं आहेत, मी आज मोजली. तेवढी आपण शेजारी शेजारी चालू. जिन्सीला सांगून ठेवलंय, खुर्च्या दोन लाव. खिडकीकडची माझी.

वेळेवर ये. आणि तो खांबावरचा फलक तू काढला नाहीस, म्हणून आज मीच शिडी लावून काढला. गॅरेजमध्ये ठेवलाय, तोंड भिंतीकडे करून.

— ॲटी